चौथा श्रावण

तेंदूझिरीच्या भगवंतराव पाटलांच्या घरी नोकर मरत, पण नावं मरत नसत. गुरं राखणारा कुणीही असो, तो सोन्या. गोठ्यातलं शेण काढणारी कुणाचीही लेक असो, ती चंद्री. आणि संत्र्याच्या बागेतल्या मोठ्या विहिरीवर मोट हाकायला जो असेल, तो श्रावण. पाटलांची म्हातारी आई याचं कारण मोठ्या कळवळ्यानं सांगायची. “बैलाले नवं नाव समजत नाई. माणूस बदलला तरी बैलाले कळलं नाई पायजे.” बैलांच्या मनाची एवढी काळजी वाहणारं घर सौंसर तहसिलीत दुसरं नसेल.

गुलाब सोमकुवर हा त्या घरचा चौथा श्रावण. सोमकुवरांच्या कुठल्या तरी पणज्यानं पाटलांकडून काहीतरी घेतलं होतं म्हणे. काय घेतलं आणि ते कधी फिटणार, हे विचारायची रीत नव्हती. घरातला एक गेला की दुसऱ्यानं विहिरीवर उभं राहायचं, एवढीच रीत होती.

आणि जायचे तेही त्याच विहिरीत. पहिला श्रावण म्हणजे गुलाबच्या आज्याचा भाऊ. मोटेचा नाडा तुटला, तो धरायला वाकला आणि मोटेबरोबर आत गेला. दुसरा त्याचा मोठा काका. वैशाखात भर दुपारी पाणी प्यायला पायऱ्या उतरला तो वर आलाच नाही. काठावर त्याची पायताणं तेवढी नीट जोडीनं काढून ठेवलेली सापडली. तिसरा बाप. त्याला गाळ काढायला उतरवला होता. दोराला बांधून वर काढला तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता, आणि जीवही नव्हता. ते साल त्रेपन्नचं. गुलाब तेव्हा अकरा वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी मायनं त्याला पाटलांच्या अंगणात नेऊन उभं केलं. म्हातारी ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “श्रावण आला का? जा बाप्पा, बैल सकायपासून उपाशी हायेत.” गुलाबनं झटकन मागं वळून पाहिलं. त्याला वाटलं, बा आला. मागं कुणी नव्हतं. म्हातारी त्याच्याकडेच पाहत होती.

त्या संध्याकाळी घरी जाताना माय वाटेत थांबली, त्याचा कान आपल्या तोंडाशी ओढला आणि म्हणाली, “आयक. ते विहीर दुपारी बाराले हाक मारते. श्रावण म्हणून मारते. तुह्या बाले मारली, तुह्या काकाले मारली. त्याईनं ओ देल्ली. तू देऊ नको. तू श्रावण नाईस. तू गुलाब हायेस. तुह्यं नाव तिले माईत नाई, अन् कधी होऊ देऊ नको. म्या घरात हळू आवाजात म्हणीन. बाहेर कोणी म्हटलं तर आपलं नोहेच असं करजो.”

पोरगं भ्यालं. भिणारच. पण तिची ती युक्ती पुढं तीस वर्षं त्याच्या कामी आली, हेही खरं.

हाक पहिल्यांदा आली ती आठव्या दिवशी. सूर्य डोक्यावर होता, बैल सोडून झाडाखाली बांधले होते, पाखरूही बोलत नव्हतं. गुलाब धावेवर, म्हणजे मोटेचे बैल उतरतात त्या उतारावर, बसून भाकर सोडत होता. विहिरीतून आवाज आला. ओरडल्यासारखा नव्हे, शेजारच्या खोलीतून कुणी कामाला बोलवावं तसा, साधा, थोडा कंटाळलेला. “श्रावण.” गुलाबनं भाकरीचा तुकडा तोंडात धरून ठेवला, चावला नाही. पण दोन्ही बैलांनी माना वळवून विहिरीकडं पाहिलं आणि उठून उभे राहिले. त्या पोराला सगळ्यात जास्त भीती वाटली ती बैलांची, कारण त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

रोज नव्हे, पण महिन्यातून एखाद-दोनदा तरी हाक येतच राहिली. गुलाब ओ देत नसे. दिवसभर मात्र पाटील, म्हातारी, दिवाणजी, सगळे श्रावण म्हणत आणि त्यांना तो “जी” म्हणे. हळूहळू त्याच्या आत दोन माणसं राहायला लागली. एक जी म्हणणारा, आणि एक बाराच्या ठोक्याला तोंड मिटून बसणारा. छप्पन साली, पुढं जिला बौद्धपुरा म्हणायला लागले त्या वस्तीतली सगळी माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षा घ्यायला गेली, आगगाडीनं, बैलगाडीनं, पायी. याला सुट्टी मिळाली नाही. संत्र्याच्या मृग बहाराच्या फळाला पाण्याचा ताण पडला होता. माय त्याच्या वाटणीची दीक्षा घेऊन आली आणि रात्री चुलीपाशी बसून बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तिनं त्याच्याकडून हळू आवाजात म्हणवून घेतल्या. श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही असं त्यात होतं, म्हणजे भुताखेताला न मानणंही आलंच. मायनं तेही म्हणवून घेतलं, आणि वर म्हणाली, “विहिरीचं मात्र ध्यानात ठेवजो.”

लग्न झालं ते सावरगावच्या शांताबाईशी. ही बाई वेगळ्या मातीची. आल्याच्या चौथ्या दिवशी म्हातारीनं तिला बोलावून सांगितलं, “आजपासून तू चंद्री.” शांताबाई म्हणाली, “चंद्री दिसली तर धाडतो जी तिले,” आणि परत फिरली ती फिरली. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला, ज्वारी सोंगली, पण पाटलांच्या गोठ्यात पाय ठेवला नाही. अशी ही वाघीण; पण नवऱ्याचं नाव काही तिनं घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या माहेरी सासरी सगळीकडं पक्कं होतं. “आयकलं का” नि लेक झाल्यावर “मंगलाचे बाबा” यावर संसार चालला. गुलाब म्हणणारं तोंड जगात एकच उरलं, मायचं. एकोणसत्तर साली तेही मिटलं. मरायच्या आदल्या दिवशी तिनं सुनेला जवळ घेतलं आणि बराच वेळ तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते शांताबाईनं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

त्यानंतर गुलाब नावाचा माणूस कुठंच नव्हता. मतदार यादीत श्रावण होता. त्याचं मत प्रत्येक निवडणुकीत न चुकता पडायचं, फक्त ते टाकायला त्याला जावं लागत नसे. एकाहत्तरात विहिरीवर बिजलीची मोटार आली, मोट उचलून गोठ्यात टाकली, चाक काढून घेतलं. मोटार चालू-बंद करणाराही श्रावणच. आणि दुपारी बिजली गेली, मोटार घरघरायची थांबली, की नसलेलं ते चाक विहिरीवर कुरकुरायला लागायचं. चार-पाच फेरे कुरकुरायचं, मग थांबायचं, मग हाक यायची. गुलाबनं बिजली जाण्याचा एवढा धसका घेतला की तार हलली तरी तो उठून विहिरीपासून लांब जाऊन बसायचा.

वेठबिगारी बंद झाल्याचा कायदा शहात्तरात झाला. त्याला तेंदूझिरीचा रस्ता सापडायला सात वर्षं लागली. तोवर म्हातारी गेली होती, भगवंतरावही गेले होते, आणि त्यांचे चिरंजीव यशवंतराव बुशकोट घालून कारभार पाहत होते. रस्ता दाखवला उत्तमनं. उत्तम हा शांताबाईच्या बहिणीचा मुलगा, पांढुर्ण्याला नगरपालिकेत कारकून. सायकलवर आला, गुलाबच्या ओसरीवर बसला आणि म्हणाला, “मावसाजी, तुमी गुलाम हा. सरकारनं गुलामी बंद केली. अर्ज करा. मुक्तीचं प्रमाणपत्र भेटते, अन् पाटलाची सीलिंगमधे निघालेली जमीन हाय ना विहिरीच्या बांधाला लागून, त्यातली अडीच एकर भेटते.”

“गुलाम म्हणजे का?” गुलाबनं विचारलं.

“ज्याले जाता येत नाई तो.”

गुलाबनं सायकलीकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “अर्जात नाव कोणतं लिवशीन?”

“तुमचं. गुलाब. माह्या मायले ठाऊक हाय.”

शांताबाई आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. दोघंही उत्तमकडं अशी पाहायला लागली की त्यानं लेखणी खाली ठेवली. विहिरीची गोष्ट त्याला तेव्हा कळली. तो हसला नाही, चांगला मुलगा होता. “हे पाहा,” तो म्हणाला, “विहिरीत आवाज घुमते. बाकी काई नाई. पण श्रावणच्या नावानं अर्ज करता येत नाई. श्रावण सोमकुवर त्रेपन सालीच मेला अशी कोतवालाच्या बुकात नोंद हाय. मेलेल्याले जमीन कशी देतीन?”

तीन दिवस गुलाबनं विचार केला. अडीच एकर म्हणजे काय, हे ज्याची स्वतःची मूठभर माती कधी नव्हती त्यालाच समजेल. एकीकडं ती जमीन, दुसरीकडं मायनं जन्मभर लपवून ठेवलेलं नाव. चौथ्या दिवशी त्यानं अर्जावर अंगठा उठवला.

यशवंतराव चिडले नाहीत. शिकलेले होते. चौकशीला सौंसरहून साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी एकच गोष्ट सगळीकडं सांगितली, आणि ती अक्षर न् अक्षर खरी होती. गुलाब नावाचा माणूस आमच्या घरी कधी कामाला नव्हता. कुणालाही विचारा.

त्र्याऐंशीच्या वैशाखात साहेब आले. परमुलखातला, हिंदी बोलणारा, तरणा माणूस. त्यांनी सांगितलं, जिथं काम केलं म्हणतो तिथंच चौकशी होईल. म्हणून खुर्ची आणि टेबल बागेत नेलं, विहिरीजवळ निंबाखाली ठेवलं. गाव भोवती जमलं. जीपला उशीर झाला होता. कागद उघडेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. त्यातच बिजली गेली आणि मोटार बंद पडली. गुलाब विहिरीपासून दोन पावलं मागं सरकला.

साहेबांनी एकेकाला विचारलं. गुलाबला ओळखता? सोन्या म्हणाला, नाई साहेब. चंद्री म्हणाली, नाई. दिवाणजी म्हणाले, नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आणि समोर यशवंतराव बसले होते. उद्या त्यांच्याच बागेत जायचं होतं. गावाला दोष काय द्यायचा?

साहेबांनी यशवंतरावांनी दिलेली नोकरांची यादी उचलली आणि वाचायला लागले. त्याच वेळी विहिरीवर चाक कुरकुरलं. गुलाबला ऐकू आलं. शांताबाईनं मान वर केली, म्हणजे तिलाही आलं असावं. झाडाखालचे पाटलांचे बैल उभे राहिले. तीन फेरे, चार फेरे. चाक थांबलं.

“श्रावण सोमकुवर,” साहेबांनी वाचलं.

नेमका तेव्हाच विहिरीतूनही आवाज आला. दोन्ही आवाज एकमेकांवर पडले. तीस वर्षं ज्यानं त्या घटकेला तोंड उघडलं नव्हतं, त्याच्या तोंडून सरकारी टेबलासमोर सवयीनं शब्द निघून गेला.

“जी.”

साहेबांनी कोतवालाच्या बुकातल्या नोंदीवर बोट ठेवलं आणि मान वर केली. “तू तो गुलाब है ना? ये श्रावण तो मर चुका है.”

यशवंतरावांनी हळूच पाय पसरले. उत्तमनं कपाळाला हात लावला. गुलाब तिथंच उभा होता, पण त्याचे पाय विहिरीकडं वळले होते. त्यानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. लोकांना वाटलं, माणूस घाबरून चालला. शांताबाईला काय ते कळलं. ती गर्दीतून आली, नवऱ्याच्या पुढं होऊन विहिरीच्या थारोळ्यावर, मोट रिकामी व्हायची त्या कुंडावर, चढली आणि आडवी उभी राहिली.

“बाई,” साहेब म्हणाले, “आप इनकी पत्नी हैं? इनका नाम बताइए.”

बायामाणसांत कुजबुज झाली. शांताबाईनं पदर सावरला. नाव घेतलं तर नवरा जातो, आणि इथं घेतलं तर विहिरीला कळतं. नाही घेतलं तर तो मेलेला श्रावण आहे हे कागदावर पक्कं होतं, आणि पाय तर त्याचे निघालेच होते. ती साहेबांकडं वळलीच नाही. विहिरीत तोंड करून उभी राहिली आणि सासूनं कानात सांगितलं होतं ते तिनं मोठ्यानं म्हटलं.

“दादाजी.”

विहिरीनं नाव परत दिलं. पहिल्या श्रावणाचं हे खरं नाव होतं. गावातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

“मधुकर.”

तेही परत आलं. हा दुसरा, काठावर पायताणं ठेवून गेलेला.

“गुणवंता.”

हा बाप. गुलाबनं हे नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्याचे पाय थांबले. बापाला नाव होतं हेच त्याला कधी सुचलं नव्हतं, आणि ते सुचून त्याला एवढं रडू आलं की त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शांताबाईनं श्वास घेतला.

“गुलाब,” ती म्हणाली.

विहीर ते परत देणार त्याच्या आधी, तिच्या मागून उत्तर आलं. “ओ.” जी नव्हे. मायनं हाक मारली की पोर देतं तशी ओ.

साहेबांनी यादी बाजूला सारली. मग त्यांनी विचारलं, बाकीचे तीन कोण? शांताबाईनं सांगितलं, उत्तमनं त्याचं हिंदी केलं. तेव्हा गर्दीत मागं उभा असलेला सोन्या खाकरला आणि म्हणाला, “साहेब, माह्यंबी नाव सोन्या नोहे. माह्यं नाव रामाजी हाय.” चंद्रीनं पदरात तोंड घालून सांगितलं की ती सुशीला आहे. यशवंतराव उठून घराकडं गेले. संध्याकाळपर्यंत त्या टेबलावर नऊ माणसांनी आपापली नावं लिहवून घेतली, आणि दोघांना ती आठवायला वेळ लागला.

प्रमाणपत्र आलं. जमिनीचा पट्टा आला. “गुलाब वल्द गुणवंता”, म्हणजे गुणवंताचा मुलगा गुलाब, असं त्यावर होतं. पुढच्या निवडणुकीत त्यानं आपलं मत स्वतः टाकलं आणि शाईचं बोट आठ दिवस धुतलं नाही. रामाजी पंच म्हणून निवडून आला. बैठकीत त्याला खुर्ची द्यायची की सतरंजीवरच बसवायचं यावर पंचायतीचे दोन महिने गेले, शेवटी तो आपली खुर्ची घरून घेऊन जायला लागला.

शांताबाईच्या जिवाला मात्र थारा नव्हता. नाव विहिरीला कळलं होतं आणि जमीन विहिरीच्या बांधाला लागून होती. ती नवऱ्याला दुपारी एकटं सोडत नसे. दोन वर्षं काहीच झालं नाही. हाक नाही, चाक नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटे.

पंच्याऐंशीच्या कार्तिकात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली होती. अर्धं वावर पांढरं झालं होतं. दोघं सकाळपासून वेचत होती आणि दुपारी बांधाजवळच्या बाभळीखाली भाकर सोडून बसली. गुलाबचे बैल, सरकारनं दिलेली जोडी, शेजारी रवंथ करत होते. वारा पडला. बागेतली मोटार बंद झाली.

“गुलाब.”

शांताबाईच्या हातातला कांदा खाली पडला. आवाज विहिरीतूनच आला होता, पण तो नेहमीचा कंटाळलेला आवाज नव्हता. गुलाबनं तो अकराव्या वर्षानंतर ऐकला नव्हता, तरी ओळखला. तो बापाचा होता. शांताबाईनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. तिनं मानेनं नाही, नाही केलं.

गुलाबनं तोंडातला घास गिळला. मनगट सोडवून घेतलं नाही. जन्मभर हाक आली की जायचं ते त्यानं, आणि जायचं ते दुसऱ्याच्या बांधावर. त्यानं बसल्या जागेवरून, शेजारच्या वावरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, विहिरीकडं तोंड करून उत्तर दिलं.

“ओ, बा. तुमीच या इकडे. म्या माह्या वावरात बसून हाओ.”

बराच वेळ काही झालं नाही. मग बांधावरचं वाळलं गवत दबत गेलं, एका माणसाच्या नव्हे, दोन-तीन माणसांच्या चालीनं. बैल उठले आणि बाजूला सरकून उभे राहिले. शांताबाईनं टोपल्यावरचं फडकं पुन्हा उघडलं आणि उरलेल्या भाकरी बाहेर काढल्या. गुलाब थोडा सरकला आणि त्यानं सावलीत जागा करून दिली.